ह्यूस्टन बंदराचं चॅनल (जहाजं जायची खणलेली वाट) खोल करायला गावानंच निम्मे पैसे घातले म्हणे, आपल्याकडं असं कोण करेल?

उद्यमबागवाला | सोमवार, रात्री ९:४८

मंडळी नमस्कार. बरेच दिवस नुसता वाचत बसलोय, आज म्हटलं लिहूया.

आमचं बेळगावच्या उद्यमबागला छोटं मशीन शॉप आहे. फौंड्रीतनं कास्टिंग आणायचं, मशिनिंग करायचं आणि व्हॉल्व्हच्या बॉड्या अमेरिकेला पाठवायच्या, हाच धंदा. बारा-तेरा वर्षांमागं पहिल्यांदा माझा कंटेनर न्हावाशेवाला अडकला होता. जहाजावर चढलाच नाही, पुढच्या जहाजाला ढकलला. शिपिंगवाल्याला फोन केला तर म्हणतो "सर ड्राफ्टचा प्रॉब्लेम आहे." मी म्हटलं अहो मग सांगायचं की, बँकेतनं डीडी काढून आणून देतो उद्या सकाळी! तो पाच मिनिटं हसत होता. मग कळलं की ड्राफ्ट म्हणजे जहाज पाण्यात किती खोल बुडतं ते. चॅनलला पाणी कमी म्हणून जहाज पूर्ण भरता येत नाही, आणि मग आमच्यासारख्या बारक्यांचे डबे आधी काढतात.

तर मुद्दा असा की २०१९ ला कस्टमरकडं ह्यूस्टनला गेलो होतो. एक दिवस मोकळा होता तर त्यानं पोर्ट दाखवायला नेलं. आणि मी बघतच राहिलो, कारण तिथं समुद्रच नाही ओ. गावातनं एक नाला वाहतो, बफेलो बायू म्हणतात त्याला. तोच खणून खणून रुंद केलाय आणि तिथपासून समुद्रापर्यंत ५२ मैलांचं चॅनल काढलंय. ५२ मैल म्हणजे आपल्या बेळगावातनं धारवाड गाठून थोडं पुढं. तेवढं लांब खणून समुद्र गावात आणलाय.

कस्टमर म्हातारा माणूस, त्याला हा इतिहास तोंडपाठ. १९०० ला तिथल्या किनाऱ्यावरचं गॅल्व्हेस्टन शहर वादळात पार धुऊन गेलं, हजारो माणसं मेली. तेव्हा ह्यूस्टनवाले म्हणाले बंदर आत आमच्याकडं करा, इथं वादळाचा धोका कमी. खरं सरकार पैसा सोडंना. मग टॉम बॉल म्हणून त्यांचा माजी खासदार होता तो वॉशिंग्टनला जाऊन म्हणाला की निम्मे पैसे आम्ही घालतो, निम्मे तुम्ही घाला. असं तोपर्यंत कुणी बोललंच नव्हतं. त्यासाठी नॅव्हिगेशन डिस्ट्रिक्ट (चॅनलच्या कामासाठी तिथल्याच लोकांची, कर लावणारी संस्था) काढला, १९११ च्या जानेवारीत लोकांचं मतदान घेतलं आणि साडेबारा लाख डॉलरचे बाँड (कर्जरोखे) मंजूर केले. सरकारचे तेवढेच. २५ फूट खोल चॅनल केलं आणि नोव्हेंबर १९१४ ला उघडलं. अध्यक्ष विल्सननी वॉशिंग्टनमध्ये बसून बटण दाबलं आणि इकडं तोफ उडाली म्हणे!

आता तेच चॅनल परत मोठं करायलेत, प्रोजेक्ट ११ नाव आहे, म्हणजे अकरावं मोठं काम. खाडीतली रुंदी ५३० फुटांवरनं ७००, आणि आतल्या भागात खोली ४६.५ फूट. खर्च अंदाजे १ अब्ज डॉलर. २०२२ ला ड्रेजिंग (तळ खणून गाळ उपसणं) सुरू झालं, त्यातही पोर्टनं स्वतःचे बाँड काढून पैसा घातलाय. परवा कस्टमरचा मेल आला त्यात त्यानं फोटो पाठवलेत, म्हणून हे सगळं परत डोक्यात आलं.

माझा प्रश्न साधा आहे. आपल्याकडं कुठलं गाव, कुठली नगरपालिका, कुठला जिल्हा असा उभा राहून म्हणेल काय की निम्मे आम्ही घालतो? आपण नुसतं निवेदन देतो. मीपण दिलीत चार-पाच, हात जोडून फोटो काढून.

खडेबाजारकर | सोमवार, रात्री १०:०५

एक नंबर धागा. डीडी वाचून चहा नाकातनं आला.

खरं अण्णा, बेळगावला समुद्र कुठनं आणणार? आपल्याकडं नालाच हाय, तो पण गाळानं भरलेला. बाकी तुमचं ह्यूस्टन पण नाल्यातनंच वर आलं म्हणताय, म्हणजे आशा हाय म्हणायची.

टिळकवाडीकर | सोमवार, रात्री १०:२१

घरपट्टी चार पैशांनी वाढवली तर मोर्चा निघतो इथं, आणि तुम्ही बाँड म्हणताय. लोक एकच विचारणार, निम्मे आम्ही घातले तर त्यातलं कमिशन कुणाला जाणार. आणि विचारायलाच पाहिजे. ह्या गावात माझी हयात गेली, एका रस्त्याचं डांबर तीनदा पडलेलं बघितलंय आणि तीनदा उखडलेलं पण.

सुमनताई_खानापूर | सोमवार, रात्री १०:५०

माहिती छान दिलीत, पण एक दुरुस्ती करते. पतसंस्थेत तीस वर्षं हिशोब लिहिलेत त्यामुळं टक्केवारी दिसली की हात शिवशिवतो.

निम्मे-निम्मे हे १९११ चं झालं. आता तिकडचा नियम तसा सरळ नाही. १९८६ ला त्यांनी कायदा केला की बंदराच्या कामात स्थानिक भागीदार पाहिजेच. त्याला ते स्पॉन्सर म्हणतात, म्हणजे आपल्या टीव्हीवरचा साबणवाला नव्हे, कामाला जामीन राहणारा. त्याचा वाटा खोलीवर ठरतो. २० फुटांपर्यंतच्या कामाला १० टक्के, २० फुटांपासून एका ठरलेल्या रेघेपर्यंतच्या कामाला २५ टक्के, आणि त्या रेघेच्या खाली जायचं असलं तर त्या भागाचे निम्मे. आधी ही रेघ ४५ फुटांवर होती, २०१६ ला ५० वर नेली, २०२४ ला ५५ वर. शिवाय काम झाल्यावर आणखी १० टक्के, ते ३० वर्षांत फेडायचे. जमीन, गाळ टाकायच्या जागा हे पण स्थानिकानंच मिळवून द्यायचं, त्याची किंमत त्या १० टक्क्यांत वळती करतात.

आणि काम व्हावं की नाही ह्याचा अभ्यास असतो, त्याचा खर्च मात्र निम्मा-निम्मा. २०१४ ला त्यावर पण लगाम घातला, साधारण ३ वर्षं आणि ३० लाख डॉलर ह्याच्यात संपवा म्हणून. त्या अभ्यासात एका डॉलरला किती डॉलर परत येतात ते काढतात.

आता मला सांगा, आपल्याकडं कुठल्या कामाच्या आधी असा हिशोब कुणी लोकांसमोर ठेवलाय? बाँड हा मतदारानं स्वतःच्या डोक्यावर घेतलेला बोजा आहे. तिथं मालमत्ता करातनं तो फेडला जातो. ज्याच्या घरपट्टीत तो आकडा दिसतो तो माणूस मग मीटिंगला येऊन बसतो.

उद्यमबागवाला | सोमवार, रात्री ११:०२

सुमनताई दंडवत. मला एवढं खोलात माहीत नव्हतं. (खोलात! कळलं न्हवं.)

शिवारातला | मंगळवार, सकाळी ६:१५

तुमचं ह्यूस्टन बिस्टन राहू दे बाजूला. मी वडगावच्या शिवारात शेती करतो, बासमती लावतो, आजोबापासनं तेच करतोय. दर पावसाळ्यात बळ्ळारी नाल्याचं पाणी शेतात, आठ-आठ दिवस उतरत नाही, रोप कुजतंय, परत रोप आणा परत लावा, परत पाऊस, आणि ह्यावर निवेदनं किती दिली ते विचारू नका, नाला खोल करा रुंद करा एवढंच मागतोय आम्ही, अमेरिकेचं चॅनल नको का काय नको, हा आमच्या डोळ्यासमोरचा नाला, त्यात जलपर्णी, गाळ, गावचा प्लास्टिक, सगळं. मेमध्ये जेसीबी येतो, दोन दिवस काठावर गाळ काढून ठेवतो, फोटो काढतात, पहिल्या वळवाला तोच गाळ घसरून परत आत. पैसा मात्र निघाला. किती गाळ काढला कुणी मोजला? कुणीच नाही.

धागा कळला नसेल मला तर माफ करा, खरं "खोल आणि रुंद" हे दोन शब्द वाचून राहवलं नाही.

खडेबाजारकर | मंगळवार, सकाळी ७:४०

मामा तुम्हालाच धागा बरोबर कळला.

कारवारचा_तांडेल | मंगळवार, दुपारी १:३०

नमस्कार. मी मूळचा कारवारकडचा, २६ वर्षं मर्चंट नेव्हीत होतो, आता रिटायर होऊन बेळगावात मुलीकडं असतो. ह्यूस्टनचं चॅनल मी चढून-उतरून बघितलंय म्हणून चार शब्द.

आधी रुंदी का पाहिजे ते सांगतो, कारण सगळे खोलीचंच बोलतात. त्या ५३० फुटात दोन मोठी जहाजं समोरासमोर आली की काय करतात माहिती आहे? चॅनलच्या मधोमध, नाकासमोर नाक धरून येतात. हो, सरळ एकमेकांवर. जवळ आलं की दोन्ही पायलट (चॅनलमधनं जहाज नेणारे तिथले वाटाडे) उजवीकडं वळवतात, दोन्ही जहाजांच्या नाकापुढं पाण्याची जी फुगी असते ती एकमेकांना बाहेर ढकलते, जहाजं घासून गेल्यासारखी निघतात, आणि मग मागचं पाणी ओढून परत मधे आणतं. ह्याला तिथं टेक्सास चिकन म्हणतात. पहिल्यांदा ब्रिजवर (जहाज चालवतात त्या खोलीत) उभा राहून बघितलं तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं. चोर्ला घाटात वळणावर समोरनं बस येते ना, तसं, फक्त इथं ब्रेक नाही. पायलट गडी मात्र कॉफी पीत उभा.

कडेनं का जात नाहीत? कडेला गेलं की काठ जहाजाला ओढतो. एका बाजूचं पाणी अरुंद झालं की तिथं वेग वाढतो, दाब कमी होतो, जहाजाचा मागचा भाग काठाकडं सरकतो आणि नाक मधे फिरतं. म्हणून मधे राहायचं. पुढं हजार फुटांवरची कंटेनर जहाजं यायला लागल्यावर हा खेळ पण जमेना, मग वाहतूक एकेरी करावी लागली आणि बाकीचे बाहेर नांगर टाकून बसायचे. थांबलेलं जहाज म्हणजे रोजचं भाडं पाण्यात. ७०० फूट करण्यामागं हे कारण.

खोलीचं पण सांगतो. जहाज उथळ पाण्यात जोरात चाललं की आणखी खाली बसतं, त्याला स्क्वॉट म्हणतात. म्हणून तळाखाली थोडं पाणी राखीव ठेवावं लागतं. मोठ्या जहाजाला एक सेंटिमीटर जास्त बुडायला मिळालं तर शंभर टनांच्या वर माल जास्त बसतो. एका फुटाचा हिशोब तुम्हीच करा. उद्यमबागवाले, तुमचा तो डबा ह्याच फुटात अडकला होता.

उद्यमबागवाला | मंगळवार, दुपारी २:०५

कॅप्टनसाहेब, म्हणजे तीन हजार टन! एका फुटात! माझं वर्षाचं प्रॉडक्शन एवढं नाही ओ.

मग कारवारला का होत नाही हे? तुमचंच गाव. नैसर्गिक बंदर म्हणतात, बेळगावहून जवळ. आमचा माल तिथनं गेला तर पुण्याचा ट्रॅफिक नको का टोल नको.

कारवारचा_तांडेल | मंगळवार, दुपारी ३:४८

शांतपणे लिहायचा प्रयत्न करतो.

कारवार हे मेजर पोर्ट नाही. कर्नाटकात केंद्राचं मोठं बंदर एकच, नवं मंगळूर. कारवार राज्याकडं, मेरीटाईम बोर्डाखाली. मोठं करायचा बेत सागरमालात (केंद्राची बंदरांची योजना) झाला. २०२० च्या जानेवारीत आमचे मच्छीमार रस्त्यावर उतरले, बाजार बंद झाला, मामला हायकोर्टात गेला आणि काम थांबलं. कारण ब्रेकवॉटर (लाटा अडवायचा बांध) येणार होता टागोर बीचच्या अंगावर, जिथं होड्या ओढतात आणि रापण (किनाऱ्यावरनं ओढायचं मोठं जाळं) लावतात तिथंच. गावाला राहिलेला तोच एक मोकळा किनारा. बाकीचा आधीच नौदलाकडं गेलाय, त्यात माझ्या आईचं माहेर पण गेलं.

मी आयुष्यभर जहाजावर पोट भरलं, बंदराच्या विरोधात मी कसा असेन. पण विचारलं कुणी? तुमच्या त्या गोष्टीतली मला सगळ्यात आवडलेली ओळ पैशाची नाही, मतदान घेतलं ही आहे.

लोंढा_जंक्शन | मंगळवार, संध्याकाळी ७:१०

कॅप्टन काकांना +१.

आमच्या घरासमोरनं गोव्याचा कोळसा जातो. मुरगावला उतरतो, कॅसलरॉक चढतो, लोंढ्यावरनं पुढं बळ्ळारीकडच्या पोलाद कारखान्यांना. (हे बळ्ळारी जिल्हा, मामांचा नाला न्हवे.) वाळत घातलेले कपडे काळे, तुळशीवर काळं. मुरगावचं चॅनल खोल झालं तर आणखी मोठी जहाजं आणि आणखी वाघिणी. ते काम सुरू पण केलं होतं, १९ मीटरच्या वर खोल करायचं होतं. तिथले मच्छीमार हरित लवादाकडं गेले आणि २०१६ ला पर्यावरणाची परवानगीच रद्द झाली, मुद्दा काय तर जनसुनावणी न घेता दिली होती. म्हणजे चॅनल गोव्यात, खोली गोव्यात, आणि धूळ खानापूर तालुक्यात. आम्हाला स्पॉन्सर कुणी केलं?

टिळकवाडीकर | मंगळवार, संध्याकाळी ७:३३

हा धागा हळूहळू सगळीकडचा गाळ वर काढणार असं दिसतंय.

उद्यमबागवाला | मंगळवार, रात्री ९:१५

लोंढा, तुमचा मुद्दा मान्य. खरं मग काहीच करायचं नाही काय? प्रत्येक कामाला विरोध केला तर फौंड्रीची पोरं कुठं जाणार? माझ्याकडं १८ माणसं आहेत. वाढवणला बघा, डहाणूजवळ, तिथं किनाऱ्यापासनं थोडं आत गेलं की नैसर्गिक २० मीटर खोली, ७६,२२० कोटीचं बंदर, २०२४ ला मंजूर. आणि त्यात पण वाटा आहेच की, ७४ टक्के जेएनपीएचे (न्हावाशेवा बंदर चालवणारी केंद्राची संस्था) आणि २६ टक्के महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाचे. म्हणजे स्पॉन्सर पद्धत आपल्याकडं पण येऊलालीय.

सुमनताई_खानापूर | मंगळवार, रात्री ९:५०

दादा, २६ टक्के राज्याच्या बोर्डाचे म्हणजे स्थानिकाचे झाले काय? डहाणूच्या मच्छीमारानं, तारापूरच्या डायमेकरनं (दागिन्यांचे साचे करणारा) कुठं मत दिलं त्याला? त्यांचा तर विरोधच चाललाय इतकी वर्षं. ह्यूस्टनमध्ये डिस्ट्रिक्ट होता तो त्याच लोकांचा, कर पण त्यांचाच. भागीदार आणि भागधारक ह्यात फरक आहे, आमच्या पतसंस्थेत पण काही संचालकांना तो शेवटपर्यंत कळला नाही.

आणि १९११ ची गोष्ट पण एवढी गोड नव्हती. मतदान झालं, बाँड निघाले, आणि घ्यायला कुणी येईना! मग जेसी जोन्स म्हणून तिथला धंदेवाला होता, त्यानं गावातल्या एकेक बँकेचं दार वाजवलं आणि त्यांच्या गळ्यात आपापल्या ऐपतीप्रमाणं बाँड मारले. आपल्याकडं गणपतीची वर्गणी काढतात तसं. मला ही गोष्ट फार आवडते. दुकानदार वर्गणी देतो कारण मंडप त्याच्याच गल्लीत उभा राहणार असतो आणि हिशोबाचा कागद पण त्याच्याच भिंतीवर लागतो.

खडेबाजारकर | मंगळवार, रात्री १०:१२

ताई आमच्या मंडळाचा हिशोब भिंतीवर लागला त्या वर्षी पाऊस लई होता, कागद भिजला, आकडे वाचता आले नाहीत. योगायोग.

शिवारातला | बुधवार, सकाळी ५:५५

कॅप्टनसाहेबांना एक विचारायचं होतं. तिथं गाळ काढल्यावर परत भरत नाही काय? आमच्याकडं एका पावसात भरतो. मग एवढा पैसा घालून उपयोग काय?

कारवारचा_तांडेल | बुधवार, सकाळी ११:२०

मामा, भरतो की. पाणी कुठलं पण असो, खड्डा केला की गाळ त्यात येऊन बसणारच. एकदा खोल करणं हे लग्न, आणि दरवर्षी गाळ काढणं हा संसार. तिथं संसाराचा खर्च ठरलेल्या खोलीपर्यंत केंद्र करतं आणि त्यासाठी आयात मालावर कर आहे, मालाच्या किमतीच्या ०.१२५ टक्के. लाखाच्या मालाला सव्वाशे रुपये धरा. आधी निर्यातीवर पण होता, १९९८ ला त्यांच्या सुप्रीम कोर्टानं काढून टाकला कारण घटनेत निर्यातीवर कर लावायला बंदी आहे.

आता तुमच्या कामाची गोष्ट सांगतो. ड्रेजर दोन जातीचे. एक नळी खाली सोडून गाळ ओढतो, आपल्या पोटात भरतो, लांब जाऊन पोट उघडून टाकतो. दुसऱ्याच्या तोंडाला दातेरी चाक असतं, ते कडक माती कापतं आणि पाईपातनं मैलोगणती लांब फेकतं. पण दोन्हींना पैसे तासावर मिळत नाहीत, बऱ्याच ठिकाणी घनफळावर मिळतात. काम सुरू करायच्या आधी सर्व्हे बोट येऊन आवाजाच्या लहरीनं तळाचा नकाशा काढते, काम झालं की परत काढते. दोन नकाशांच्या मधला जो फरक तेवढेच पैसे. ठरल्यापेक्षा फूटभर-दोन फूट जास्त खणलं तर तेवढं चालवून घेतात, त्याच्या खाली गेलात तर ते तुमच्या खिशातनं.

म्हणजे मामा तुम्ही पहिल्या दिवशी जे विचारलंत, "किती गाळ काढला कुणी मोजला", त्याच्यावरच तिकडचं सगळं बिल उभं असतं.

काढलेला गाळ कुठं टाकायचा हे पण आधीच ठरवतात. ह्यूस्टनच्या खाडीत त्याची पक्ष्यांसाठी बेटं केलीत, दलदल परत वाढवलीय. कालवांच्या खडकांचं नुकसान होतं तर ते दुसरीकडं करून द्यावे लागतात. सगळं चांगलंच होतं असं नाही, तिकडंही मच्छीमार ओरडतात. सवाना म्हणून बंदर आहे, ४२ चं ४७ फूट केलं. १९९९ ला मंजुरी, ड्रेजिंग २०१५ ला, संपलं २०२२ ला. खोल केल्यामुळं समुद्राचं खारं पाणी नदीत वर चढतं, तळाला ऑक्सिजन कमी होतो, म्हणून तिथं नदीत ऑक्सिजन सोडणारी मशिनं बसवलीत. नदीला व्हेंटिलेटर! त्यांच्या यादवी युद्धात बुडालेलं एक चिलखती जहाज पण त्याच चॅनलच्या कडेला होतं, ते आधी वर काढावं लागलं. जॉर्जिया राज्यानं मात्र केंद्राची वाट न बघता आपला पैसा आधीच टाकला होता, नाहीतर अजून बसले असते.

टिळकवाडीकर | बुधवार, दुपारी १२:०५

आधी आणि नंतरचा नकाशा. एवढी साधी गोष्ट. हे आपल्याकडं जमणार नाही असं लिहायला आलो होतो, पण कारण सापडेना. नाला दोन मीटर खोल असेल नसेल, त्याला कुठं आवाजाच्या लहरीचं यंत्र लागतंय, बांबू पुरे.

उद्यमबागवाला | बुधवार, दुपारी १२:४०

बांबू! टिळकवाडीकर, तुम्ही पहिल्यांदा कामाचं बोललात.

माझ्याकडं लेव्हलिंगचं यंत्र आहे, शॉपची फाउंडेशन घालताना घेतलं होतं, पडून आहे. ५० मीटरची टेप आहे. दर पन्नास फुटांवर काठापासून तळापर्यंत माप घेतलं आणि रुंदी घेतली तर गाळाचा आकडा निघतो, शाळेतलं गणित. आत्ता एप्रिल आहे, मेमध्ये जेसीबी यायच्या आत एकदा, गेल्यावर एकदा.

सुमनताई_खानापूर | बुधवार, दुपारी १:१५

तक्ता मी करून देते. तारीख, ठिकाण, रुंदी, पाण्याची खोली, गाळाची खोली, मोजणाऱ्याची सही, आणि दोन शेतकऱ्यांची सही. सही नसलेला आकडा मी लिहून घेणार नाही. शेवटी माहिती अधिकारात बिलाची कॉपी मागवायची आणि शेजारी ठेवायची. ह्याला पैसे किती लागणार? पेट्रोल आणि दोन बांबू. निम्मे मी घालते.

खडेबाजारकर | बुधवार, दुपारी १:३०

आली की वर्गणी. माझ्याकडनं नाश्ता. पुरी-भाजी आणि कुंदा. जेसी जोन्सनं कुंदा दिला असता तर बँका एका दिवसात तयार झाल्या असत्या.

लोंढा_जंक्शन | बुधवार, दुपारी २:१०

मी रविवारी येतो सकाळच्या पॅसेंजरनं. ड्रोन आहे भाच्याकडं, परवानगी लागते काय बघतो.

उद्यमबागवाला | बुधवार, दुपारी २:२५

ड्रोन नको, उगीच पोलीस येतील आणि आपण सीमाप्रश्नावर काहीतरी करतोय असं वाटेल त्यांना. टेप बास. कॅप्टनसाहेब तुम्ही येणार न्हवं? तुमच्याशिवाय सर्व्हे कसला.

कारवारचा_तांडेल | बुधवार, संध्याकाळी ५:००

येतो. गुडघे दुखतात, नाल्यात उतरणार नाही, काठावर खुर्ची द्या, मी वही धरतो. एक लक्षात ठेवा, पाण्याची पातळी आधी एका पक्क्या खुणेपासून मोजा. पुलाच्या कठड्यावर रंगानं रेघ मारा आणि सगळी मापं त्या रेघेपासून. नाहीतर एप्रिलचं पाणी आणि जूनचं पाणी वेगळं, तुमचे आकडे कुणी पण उडवून लावेल. बंदरात पण सगळं एका ठरलेल्या पातळीपासून मोजतात, भरती-ओहोटी बघून नाही.

शिवारातला | बुधवार, रात्री ८:३०

पुलाच्या कठड्यावर २०१९ च्या पुराची खूण मीच मारलीय, लाल ऑईलपेंटनं, अजून आहे. तीच धरूया.

रविवारी सकाळी सहाला या, ऊन चढायच्या आत होईल. खडेबाजारकर नाश्ता नऊला आणा, त्याच्या आधी आणला तर कुणी काम करणार नाही. गमबूट ज्याचे त्याने. आणि बांबू १२ फुटी आणा, गेल्या वर्षी मी ८ फुटी घेऊन उतरलो होतो तो गाळातच राहिला, अजून तिथंच उभा आहे, त्याच्यावर खंड्या बसतो.